बेळगावातील एक प्रमाण मराठी संभाषणवर्ग
पुण्यात नोकरीला जाण्याआधी बोलण्यात सफाई यावी, म्हणून खानापूरच्या माझ्या भाचीला आम्ही बेळगावातील एका संभाषणवर्गात दोन महिने घातले होते. उच्चारांचा सराव तेथे उत्तम करून घेतात. 'चार' आणि 'चाक' यांतल्या 'च'चा फरक तिला पहिल्यांदाच नीट उमगला. शुल्कही वाजवी आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. तिसऱ्या दिवशी ती सहज "मी काल आलो" म्हणाली, तेव्हा शिक्षकांनी तिला उभे करून ते वाक्य तीनदा म्हणायला लावले, त्याला 'गावंढळ' म्हटले आणि सारा वर्ग हसला. वास्तविक बेळगाव-कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका 'आलो', 'जातो' असेच म्हणतात, आणि शेजारच्या कन्नडमध्येही 'नानु बंदे' हे स्त्री-पुरुष सारखेच बोलतात. प्रमाण मराठी मुख्यतः पुण्याकडच्या सुशिक्षितांच्या बोलीवर घडली, त्यामुळे मुलाखतीत या भाषेला वजन मिळते, हे शिकवायलाच हवे. पण १९५६च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव आजच्या कर्नाटकात गेल्यावरही ज्या घरांनी मराठी जपली, ती याच बोलीत जपली, हे बेळगावात बसून शिकवणाऱ्यांनी विसरावे, याचे मला फार वाईट वाटते.

आजी "बस की गं, जेव की" म्हणाली, तर भाची हल्ली उत्तर देण्याआधी क्षणभर अडखळते. तिच्या धाकट्या बहिणीचे नाव मी या वर्गात घालणार नाही.