माती, भुसा की टोफू? कूलरच्या घरातलं मांजर

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की खिडकीत कूलर लागतोच. आम्ही वास नको म्हणून बोक्याचा शी-शूचा ट्रे गॅलरीत नेला, तोही नेमका कूलरच्या मागे. कूलर बाहेरची हवा ओढतो, हे लक्षातच आलं नाही. सगळा भपकारा गार होऊन बैठकीत! मूत्रातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, आणि उष्मा असला की त्यांना जोर चढतो. तेव्हा आधी ट्रेची जागा बदला, मग लिटर, म्हणजे ट्रेत भरायची माती-भुसा वगैरे, निवडा.

बेंटोनाइट ही कच्छकडे निघणारी माती. ओली झाली की फुगते, घट्ट गोळा होतो, झाऱ्याने तो उचलला की खाली कोरडी माती उरते. वासाच्या बाबतीत हिच्या तोडीचं मला काही सापडलं नाही. पण पिशवी जड, धूळ उडते, पंजांना लागून पार गादीपर्यंत येते. संडासात टाकाल तर पाइप तुंबेल. पिल्लं दिसेल ते तोंडात घालतात, त्यांना ही नकोच.

लाकडाच्या गोळ्या भिजल्या की विरघळून भुसा होतो, तो चाळणीच्या ट्रेतून खाली पडतो. धूळ कमी. मात्र गोळा होत नाही, म्हणून शी लगेच उचलावी लागते. लकडगंजच्या आरा मशीनवरून फुकटचा भुसा आणायचा मोह मलाही झाला होता. पंख्याने तो उडाला आणि वरणात पडला. शिवाय लाकडाला कसली औषधं मारलेली, कोण सांगणार?

टोफू लिटर म्हणजे सोयाबीनचा चोथा. विदर्भाच्या माणसाला काय अप्रूप! हलकं, गोळाही बरा होतो, पण महाग. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा हवा. सिलिकाचे खडे कूलरच्या दमट हवेतलंच पाणी पीत बसतात. आणि कन्हान नदीची वाळू? शू सरळ तळाला जाते.

माझं मत: मोठं मांजर असेल तर बेंटोनाइट, पिल्लू असेल किंवा घरात कुणाला दमा असेल तर लाकडाच्या गोळ्या.

काहीही घ्या, दोन-तीन इंच थर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ झारा फिरवा. ट्रे साध्या साबणाने धुवा. फिनाइल मांजराच्या यकृताला झेपत नाही, आणि ब्लीच मूत्रातल्या अमोनियात मिसळलं की विषारी वायू निघतो. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं, रोज करावं. शीतून येणारा टोक्सोप्लाझ्मा हा गर्भाला घातक परजीवी एक दिवस उलटल्यावर लागण करण्याजोगा होतो.

नवं लिटर जुन्यात थोडं थोडं मिसळत न्या. आम्ही एका रात्रीत टोफू भरलं, तर बोक्याने ट्रे हुंगला, आमच्याकडे पाहिलं आणि पायपुसण्यावर जाऊन बसला.