रॉलिंग्जचा मेजर लीग बॉल: पिचरने घ्यावा का?

रॉलिंग्ज कंपनीचा हा बेसबॉल डब्यातून काढला की बुळबुळीत लागतो, आणि पहिली तक्रार हमखास तीच असते. पण मेजर लीगमध्येही, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्येही, कोणताच पिचर (बॉल टाकणारा खेळाडू) तो असा टाकत नाही. सामन्याआधी न्यू जर्सीतल्या नदीकाठचा बारीक चिखल चोळून चकाकी घालवावी लागते. तसा नियमच आहे. घरी वस्त्रगाळ माती चिमूटभर घ्या, दोन-तीन थेंब पाणी टाका, दोन्ही तळव्यांत अर्धा मिनिट चोळा आणि कोरड्या फडक्याने पुसा. माती शिवणीत बसू देऊ नका, नाहीतर टाके बुजतात आणि बोटांना आधारच उरत नाही. पॉलिश पेपर तर लावूच नका, चामड्यावर चरे पडले की बॉल हवेत भलतीकडे वळतो.

पैसे मोजायचे ते शिवणीचे. कोस्टा रिकातल्या तुरियाल्बात 108 दुहेरी टाके आजही हातानेच घालतात. क्रिकेटच्या चेंडूची शिवण मधोमध गोल फिरते. इथे ती घोड्याच्या नालेच्या आकारात सगळीकडे वळते. नालेवर आडवी दोन बोटं ठेवली की फोर-सीम फास्टबॉल (सरळ जाणारा वेगवान बॉल), दोन शिवणी जवळ येतात तिथे उभी ठेवली की टू-सीम (थोडा बाजूला सरकणारा वेगवान बॉल). शिवण बसकी असल्याने कर्व्हबॉलला (वळत खाली येणाऱ्या बॉलला) मधलं बोट नीट अडकवावं लागतं. नवशिक्याला अमेरिकेतल्या हायस्कूलचा उंच शिवणीचा बॉल सोपा जाईल.

हीच शिवण बोटं सोलवटूनही काढते. टोरंटो ब्लू जेज संघाचा पिचर एरन सँचेझ 2016 मध्ये 3.00 ईआरए (नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) काढून अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकात, पहिला आला. 2017 मध्ये बोटावरच्या फोडांनी त्याला जेमतेम 8 सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून उतरू दिलं. फोडावर पट्टी लावून सामन्यात पिच (पिचरने फलंदाजाला टाकलेला बॉल) टाकता येत नाही, तेही नियमातच आहे. कातडी लाल झाली की त्या दिवसापुरतं थांबा.

वजन 142 ते 149 ग्रॅम. क्रिकेटचा चेंडू 156 ते 163. त्यामुळे आपल्याकडच्या वेगवान गोलंदाजाला हा हलका वाटतो, तो नुसत्या हाताच्या जोरावर फेकत सुटतो आणि कोपर दुखवून घेतो. मुलांच्या बाबतीत तर मोजूनच टाकायला लावा: लिटल लीगची (मुलांच्या बेसबॉल संघटनेची) मर्यादा 11-12 वर्षांसाठी दिवसाला 85 पिच आहे.

रोजच्या सरावाला मात्र हा घेऊ नये. भिंतीवर किंवा काँक्रीटवर दोन-चारदा आपटला की चामडं खरवडलंच म्हणून समजा. जाळीत टाकायला कृत्रिम आवरणाचे स्वस्त बॉल पुरतात. फक्त घेताना काट्यावर ठेवून बघा, वजनात फार इकडेतिकडे असलेला परत करा. कोकणातल्या पावसाळ्यात हा बॉल बाहेर काढूच नका. आत लोकरीच्या धाग्याचे थर आहेत, ते ओल धरतात, बॉल जड होतो आणि वाळल्यावर चामडं कडक पडतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा.