सात महिने आजा काँगसोबत: जुन्या जपानी कुस्तीच्या डीव्हीडींचा अनुभव

या डिस्क मी लेकीसाठी घेतल्या. ती तालमीत जाते. वयाच्या मानाने अंगाने थोराड आहे, त्यामुळे तिच्याबरोबर सराव करायला बाकीच्या पोरी का-कू करतात. "हिच्याखाली चेंगरायचं कोण?" हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलंय. घरी येऊन दोन दिवस धड जेवली नव्हती. म्हणून ऑल जपान विमेन्स या बायकांच्या व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीच्या जुन्या सामन्यांच्या नऊ वापरलेल्या डिस्क मागवल्या. या कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. मार मात्र अंगावरच घ्यावा लागतो.

आधी अडचणी. डीव्हीडीला देशांप्रमाणे विभाग-क्रमांक असतो; जपानच्या डीव्हीडी विभाग 2 च्या आणि भारतातले प्लेअर विभाग 5 चे, त्यामुळे टीव्हीखालच्या प्लेअरने पहिलीच डिस्क बाहेर फेकली. लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडून व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या सॉफ्टवेअरवर लावल्या, तेव्हा चालल्या. चित्र चौकोनी, जरा धुरकट. समालोचन पूर्ण जपानीत, खाली एक अक्षर लिहून येत नाही. महिनाभरात त्याची गरजही वाटेनाशी झाली.

सुरुवात 1985 च्या ओसाकातल्या सामन्याने केली. डंप मात्सुमोतो विरुद्ध चिगुसा नागायो, हरेल तिचं मुंडण. डंप रंगवलेल्या चेहऱ्याने येते, हातात बांबूची तलवार आणि साखळी. चिगुसा हरते, रिंगमध्येच तिचे केस उतरवले जातात, आणि प्रेक्षकांतल्या शाळकरी मुली हंबरडा फोडून रडतात. रक्तही भरपूर आहे. लहान मुलांना हा सामना दाखवू नका. मला स्वतःला तो दुसऱ्यांदा बघवला नाही. डंपचं वजन इथे फक्त दहशत बसवायला वापरलंय.

खरी किंमत वसूल झाली ती आजा काँग या कुस्तीगीर बाईच्या डिस्कवर. तिचे वडील कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक, आई जपानी. रंगावरून, केसांवरून लहानपणी खूप ऐकून घ्यावं लागलेली मुलगी. चिगुसाची भक्त म्हणून या खेळात आली, 1986 मध्ये सोळाही पूर्ण नसताना रिंगमध्ये उतरली, आणि तिला ठेवलं कुठे, तर त्याच डंपच्या टोळीत! हे कळल्यावर लेक बराच वेळ गप्प होती.

पहिले दोन महिने आम्ही आजाकडे बघतच नव्हतो. नजर सगळी तिच्यासमोर लढणाऱ्या मानामी टोयोटावर. दोरावरून झेप, उलटी कोलांटी, पाठीची कमान, वारा प्यायल्यासारखी पळते. उंचीला दोघी जवळपास सारख्याच, फरक सगळा वजनात. आजा शंभर किलोच्या पुढची, टोयोटा साधारण पासष्टची. मग एका रविवारी लेक म्हणाली, "आई, आज फक्त आजाचे पाय बघ." आवाज बंद केला आणि तेवढंच बघितलं. टोयोटाची पहिली ड्रॉपकिक, म्हणजे उडी मारून दोन्ही पायांनी दिलेली लाथ, छातीवर बसते, आजा जागची हलत नाही. दुसरी बसते, टाच किंचित मागे सरकते. तिसरीला गुडघा वाकतो. मग कुठे ती पडते, आणि पडते तेव्हा अख्खं सभागृह उठून उभं राहतं. पहिल्याच लाथेला पडली असती तर टोयोटाच्या झेपेला कवडीची किंमत उरली नसती. समोरचीला मोठं करायचं काम आजाचे पाय करत होते, आणि हे कळायला आम्हाला दोन महिने लागले.

तिचा हुकमी मार म्हणजे उराकेन, गिरकी घेऊन मुठीच्या मागच्या बाजूने दिलेला तडाखा. तो ती सहसा पहिल्या फटक्यात लागू देत नाही. समोरची खाली वाकून चुकवते, लोक सुस्कारा सोडतात, आणि मग दुसरा लागतो. पत्र्याचा 18 लिटरचा डबासुद्धा आहेच, आपल्याकडे गोडेतेलाचा असतो तसाच. तो डोक्यावर आपटल्याचा आवाज आमच्या शेजाऱ्यांनाही आता ओळखीचा झालाय.

टोयोटाचा एक डाव आहे: समोरचीला खांद्यांवर बसवायचं, तिचे हात पुढे आडवे ओढून धरायचे आणि मागे कमान टाकत तिला पाठीवर आणायचं. आजासारखी बाई वर असेल तर तिनं तोल सांभाळल्याशिवाय हे होऊच शकत नाही. इतकं वजन असून समोरचीच्या मानेला धक्का न लागू देणं, याला मी कसब म्हणते. 26 मार्च 1995 ला योकोहामात टोयोटाने तिच्याकडून लाल पट्टा, म्हणजे कंपनीचा सर्वोच्च किताब, घेतला. तीनच महिन्यांत, सापोरोत, आजाने तो परत मिळवला.

टोकियो डोमच्या नोव्हेंबर 1994 च्या मोठ्या कार्यक्रमाची डिस्क मला कंटाळवाणी वाटली. सामने फार, चव थोडी. त्यातला आजा आणि अकिरा होकुतोचा अंतिम सामना तेवढा बघा. तिथे होकुतो जिंकते.

पिंजऱ्यातली कुस्ती मात्र चुकवू नका. नोव्हेंबर 1990, योकोहामा. इथे आजाच्या समोर तिच्याच तोलाची, ताठ उभ्या केसांची बुल नाकानो आहे. बुल पिंजऱ्याच्या अगदी वर चढते, हात जोडते, आणि खाली पडलेल्या आजावर पाय टाकून उडी घेते. ते हात जोडणं लेकीनं कितीदा मागे नेऊन पाहिलं असेल, गणती नाही. त्या बुलकडून पट्टा घ्यायला आजाला त्यानंतर आणखी दोन वर्षं लागली, 26 नोव्हेंबर 1992, कावासाकी.

ही कावासाकीची डिस्क आमच्याकडे चरे पडलेली आली आणि ऐन शेवटाला अडकते. विकणाऱ्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. दुसरी प्रत शोधतेय. तोवर लेक अडकते तिथपर्यंतच बघते आणि पुढचं मला उभं राहून करून दाखवते, आधी बुल होऊन, मग आजा होऊन.