टेबल टॉप आणि डीप पोर इपॉक्सी: काही महिन्यांच्या वापरानंतर

इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून घट्ट होणारा माल. फर्निचरच्या कामात त्याचे दोन्ही प्रकार भरपूर वापरून झाले: पृष्ठभागावर थर देण्याचा टेबल टॉप आणि खोल पोकळी भरण्याचा डीप पोर. टेबल टॉपचं रेझिन दाट असतं, लवकर घट्ट होतं आणि एका थरात जेमतेम 3 मिमी चालतं. डीप पोर पातळ आणि सावकाश. एका ओतीत साधारण अडीच ते पाच सेंटिमीटर जातं आणि घट्ट व्हायला एक ते तीन दिवस घेतं. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये. टेबल टॉपचं रेझिन 4 सेंमी खोल ओतलं की घट्ट होताना आत तयार होणारी उष्णता बाहेर पडायला जागा मिळत नाही. माल उकळतो, पिवळा पडतो, तडकतो. डीप पोर पातळ थरात फासलं तर पुरेशी उष्णताच तयार होत नाही आणि पृष्ठभाग कित्येक दिवस चिकट राहतो.

चिकटपणाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मापात असतं. डब्यावर 1:1 लिहिलं असेल तर ते बऱ्याचदा आकारमानाचं प्रमाण असतं, आणि रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. काट्यावर दोन्ही सारखं तोललं की हार्डनर जास्त होतो. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवणाऱ्यांचंही हेच होतं. तीन ते पाच मिनिटं सावकाश ढवळायचं, कडा आणि तळ खरवडायचे, मग सगळं दुसऱ्या कोऱ्या भांड्यात ओतून पुन्हा ढवळायचं. पहिल्या भांड्याच्या तळाशी राहिलेला माल कामावर निथळू द्यायचा नाही, टॉपवर मऊ डाग पडतात ते त्यानेच. रंग वजनाने पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, पाण्यातला तर घालूच नये.

बुडबुड्यांसाठी ढवळण्याला उगाच दोष दिला जातो. खरा कारखाना लाकूड आहे. गाठी, भेगा आणि आडव्या कापाच्या टोकांतून हवा निघतच राहते. म्हणून आधी ब्रशने पातळ सील कोट, म्हणजे लाकडाची छिद्रं बंद करणारा इपॉक्सीचा थर, द्यायचा, तो चिकट पण बोटाला न लागणारा झाला की मुख्य थर. पूर्ण वाळू दिला तर घासून खरखरीत करावा लागतो. खोलीचं तापमान उतरत असताना ओतलं की लाकूड हवा ओढून घेतं, चढत असताना ओतलं की बाहेर फेकतं. वर आलेले बुडबुडे टॉर्चच्या हलत्या, ओझरत्या ज्योतीने फुटतात. एका जागी ज्योत धरली की पृष्ठभाग करपतो. लाकडाचा ओलावा मीटरवर 12 टक्क्यांच्या आत असला पाहिजे, यात तडजोड नाही.

120 सेंमी लांब, 15 रुंद आणि 4 खोल पोकळीला 7.2 लिटर लागतं. भेगा आणि भांड्याला चिकटणारं धरून दहा टक्के जास्त काढावं. साच्याला आतून पॅकिंग टेप, सांध्यांना सिलिकॉन. डीप पोर पाण्यासारखं पळतं, केसाएवढी फट त्याला पुरते.

आता टिकाऊपणा. चकाकी अजून चांगली आहे, पण ओरखडे दिसतात, गडद रंगावर जास्तच. गरम भांडं थेट ठेवलं की गोल वळ उठतो, कारण बहुतेक टेबल टॉप रेझिन पन्नास-साठ अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं. खिडकीजवळचा पारदर्शक थर पिवळसर होतो. यूव्ही-रोधक म्हणून विकलेल्या मालातही हे थांबत नाही, फक्त लांबतं. कोरड्या हवेत रुंद फळी आकसते, रेझिन आकसत नाही, आणि जोडावर बारीक रेघ उमटते. पाय बसवताना स्क्रूची भोकं लांबट ठेवली तर ताण बराच कमी होतो.

घासण्याआधी थरावर मेणचट साय आली असेल तर ती साध्या पाण्याने धुवावी; कोरडंच घासलं की पॉलिश पेपर भरतो आणि पुढचा थर धरत नाही. अर्धवट वाळलेल्याची धूळ सर्वांत वाईट, मास्क आणि नायट्राइल हातमोजे हवेतच. हाताला लागलेलं रेझिन थिनरने पुसू नये, साबणाने धुवावं.

थंडीत रेझिनच्या डब्यात साखरेसारखे दाणे दिसले तर माल फेकू नका. डबा गरम पाण्यात ठेवला की दाणे विरघळतात. पूर्ण नितळ झाल्यावर, खोलीच्या तापमानाला आणूनच मोजायला घ्या.