पेपर मीच फोडला: आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बुडालेले १४ हजार

व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओतल्या त्या काचेच्या नळ्यांच्या बाबतीत मला कुणी फसवू शकणार नाही, या घमेंडीत मी होतो, आणि ते खरंही होतं. केटी८८ जातीचे चारही व्हॉल्व्ह मी टेस्टरवर लावून, जोड्या जुळवून घेतले. ज्याने मला गंडवलं त्याचा व्हॉल्व्हशी संबंधच नव्हता.

मी मिरजेचा. रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीत आयुष्य गेलं. ओळखीतल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने बास गिटारसाठी २०० वॉटचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर बनवून मागितला. आजच्या काळात हे खूळच, पण जुनं आणि सिद्ध झालेलं खूळ. ब्रिटनमध्ये मार्शलचा ‘मेजर’ चार केटी८८ वर २०० वॉट द्यायचा, आणि अमेरिकेत अँपेगने १९६९ मध्ये खास बाससाठी ३०० वॉटचा काढला होता. सर्किटची मला चिंता नव्हती. चिंता होती ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरची. व्हॉल्व्हच्या प्लेटवर ५६० व्होल्ट आणि पुढे आठ ओहमचा स्पीकर, या दोघांची गाठ तोच घालून देतो. तो तयार मिळत नाही, गुंडाळून घ्यावा लागतो.

लॅमिंग्टन रोडवर चौकशी करता करता एका वाइंडरचा पत्ता मिळाला. बोलायला गोड, हात काळे, टेबलावर बॉबिनचा ढीग. बघूनच विश्वास बसावा असा माणूस. मी घरून पूर्ण हिशेब करून नेला होता. प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडचं वाइंडिंग, सिग्नलला २००० ओहमचं भासणारं, १८०० वेढे, तांब्याची तार, तिचा गेज, गाभ्याला सीआरजीओ स्टॅम्पिंग, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खास पोलादाच्या पट्ट्या. आणि इथेच माझी अक्कल पाजळली. त्याच कागदाखाली मी लिहिलं, ‘डिलिव्हरीच्या वेळी तपासणी: वजन १३ किलो, प्रायमरीच्या तारेचा मीटरवरचा रोध ६२ ओहम, प्रायमरीला २३० व्होल्ट दिल्यावर स्पीकरकडच्या सेकंडरीला साडेचौदा.’ त्याला वाटावं, गिऱ्हाईक जाणकार आहे, वाकडं करायची सोय नाही. परीक्षेआधी पेपर मीच फोडून त्याच्या हातात दिला.

तो म्हणाला, “साहेब, डब्यात बसवून वरून डांबर भरून देतो. गुणगुण येणार नाही, दमट हवेचं टेन्शन नाही.” मोठ्या ट्रान्सफॉर्मरला डांबर भरतात हे खरंच आहे, म्हणून मला खटकलं नाही. ७ हजार आगाऊ, ७ हजार माल घेताना.

महिन्याभराने पुन्हा गेलो. त्याने वजनकाट्यावर ठेवून दाखवला: १३ किलोला थोडा वर. मीटर लावला: ६० ओहम. सिरीज बल्बमधून २३० दिले: सेकंडरीला साडेचौदा. तिन्ही विषयांत पास. उरलेले पैसे मोजले आणि रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने, बर्थखाली तो डबा पायाशी धरून परत आलो. झोप कसली येते!

घरी जोडला. स्पीकरऐवजी वायरवाउंड रेझिस्टन्सचा आठ ओहमचा लोड बादलीतल्या पाण्यात बुडवून एक किलोहर्ट्झवर तपासलं. १९० वॉट, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर स्वच्छ साइन वेव्ह. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. एक किलोहर्ट्झला वाईट ट्रान्सफॉर्मरही शहाण्यासारखा वागतो, हे मला माहीत होतं. पण त्या आनंदात ४० हर्ट्झला डायल फिरवायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, मला नकोच होतं.

कोजागिरीचा कार्यक्रम होता. पहिली दोन-चार गाणी बरी गेली. बासवाल्याने जाडी तार मोकळी छेडली की मात्र आवाज फाटायचा. ती तार ४१ हर्ट्झची. त्याला वाटलं, स्पीकरचा कागदी कोन फाटला. सात-आठ गाण्यांनंतर जळका वास आला. मागे जाऊन बघतो तर एका बाजूच्या दोन व्हॉल्व्हच्या आत जाळी नारिंगी लाल झालेली. प्लेट नव्हे, आतली स्क्रीन. मी प्लग ओढला, तोवर ते दोन्ही केटी८८ गेले होते. उरलेला बास साऊंडवाल्याच्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरवर वाजला आणि, सांगायला लाज वाटते, चांगला वाजला.

प्लेटकडे जाणारी तार तुटली आणि स्क्रीनचा पुरवठा चालू राहिला, तर प्लेटच्या वाट्याचा करंट स्क्रीनवर येतो आणि ती भाजून निघते. म्हणजे वाइंडिंग आतून तुटलं होतं. दुसऱ्या दिवशी अंगणात हॉट गनने डांबर वितळवलं. आधी निघाले लोखंडी सळईचे तुकडे. नंतर चार नट-बोल्ट. वजन असं भरलं होतं. स्टॅम्पिंग गंजलेलं, कुठल्यातरी जुन्या स्टॅबिलायझरमधून काढलेलं. ई आकाराच्या पट्ट्या एकआड एक उलट-सुलट बसवायच्या असतात. त्याने सगळ्या एकाच बाजूने कोंबून वरून आय पट्ट्या टेकवल्या होत्या. तारेवरचं एनॅमल ब्लेडने खरवडलं तर खालून पांढरं. सोल्डर लावलं तर थेंब होऊन घरंगळलं. ॲल्युमिनियम. बाहेर आणलेली तांब्याची लीड त्या ॲल्युमिनियमला नुसता पीळ देऊन वर स्लीव्ह चढवलेली. तोच पीळ गरम होऊन सुटला होता.

मग वेढे मोजत बसलो. दोन संध्याकाळी गेल्या. ११०० निघाले.

इथे मला त्याचं, खोटं कशाला बोलू, कौतुकही वाटलं. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या साधारण १.६ पट. ११०० ला १.६ ने गुणा: १७६०. म्हणजे कमी वेढे आणि हलकी धातू मिळून मीटरवर तांब्याच्या १८०० वेढ्यांइतकाच आकडा येतो. सेकंडरीचे वेढे त्याच प्रमाणात कमी केले की साडेचौदा व्होल्टही बरोबर. मी लिहून दिलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याने पाठ केली होती. मी जे विचारलंच नव्हतं ते होतं इंडक्टन्स, म्हणजे खालचे सूर पेलायची वाइंडिंगची ताकद, आणि ते वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. वेढे उलगडण्याआधी मी मोजून ठेवलं होतं: तुटका पीळ जोडून प्रायमरीला २३० व्होल्ट दिले तर सेकंडरी मोकळी असताना १८० मिलिअँपिअर खात होता. म्हणजे जेमतेम ४ हेन्री. मला निदान २० हव्या होत्या, तेव्हा हा आकडा ३७ मिलिअँपिअरच्या आत असायला हवा होता. एक साधा मीटर सिरीजमध्ये धरला असता तर दुकानातच कळलं असतं. आणि डांबर भरण्याआधी बॉबिन दाखवा, तारेचं टोक माझ्यासमोर सोल्डर करा, एवढं म्हटलं असतं तर बहुधा त्याने ऑर्डरच घेतली नसती.

फोन केला. “सर्किट तुमचं, ओव्हरलोड तुम्ही केलात, आणि डबा उघडलात म्हणजे गॅरंटी संपली.” ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मी लावला, तक्रारही नोंदवली. पण माझ्याकडची चिठ्ठी काढून वाचली तेव्हा मीच गप्प झालो. ‘ट्रान्सफॉर्मर १ नग, १४०००.’ ना शिक्का, ना जीएसटी नंबर, ना ‘तांबे’ हा शब्द. हिशेबाचा कागद त्याच्याकडेच राहिला होता, त्याचा फोटोही मी काढला नव्हता.

आमच्या मिरजेत तंबोरा घेणारा भोपळ्यावर बोट वाजवून बघतो, आणि तो कारागिराला आधी सांगत नाही कुठे वाजवणार ते.

दुसरा ट्रान्सफॉर्मर पुण्यात गुंडाळून घेतला, उघडा, वार्निशमध्ये बुडवलेला. मी तिथे स्टुलावर बसून होतो. महाग पडला. दोन केटी८८ चा भुर्दंड वेगळा.

गेल्या महिन्यात इचलकरंजीचा एक पोरगा आला होता. त्यालाही असाच अँप्लिफायर करायचाय. त्याच्या हातात त्याच माणसाचं कोटेशन, शेवटची ओळ ‘डांबर भरून’. मी त्याला म्हटलं, पैसे नंतर, आधी फोन करून एवढंच विचार, डांबर भरायच्या आधी येऊन मोकळ्या प्रायमरीचा करंट मोजू का. त्याने माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग तोच गोड आवाज: “दादा, सध्या ऑर्डरी फार आहेत, दिवाळीनंतर बघू.”