घुशीसाठी पिंजरा की जाळी?

रताळ्याचे वेल वरून हिरवेगार असतात, आणि कार्तिकात खणायला बसलं की हाताला पोखरलेली सालं लागतात. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना घूस ओळखायची कशी ते सांगायला नको. वाफ्याच्या कडेला रातोरात उभा राहिलेला भुसभुशीत मातीचा ढीग पुरेसा असतो. आमचं परडं रत्नागिरी जिल्ह्यात, जांभ्यावर. वर जेमतेम दीड-दोन फूट माती. आधी तीन वर्षं पिंजरा वापरला, आता दोन वर्षं वाफ्याखाली पुरलेली तारेची जाळी. तुम्हाला यातलं एक निवडायचं असेल तर माझा अनुभव सांगतो.

विषाबद्दल थोडक्यात. झिंक फॉस्फाईड थोडंसं खाऊन जी घूस वाचते ती पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही, म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवून तिला सवय लावावी लागते. शिवाय पोटात गेल्यावर त्याचा फॉस्फीन वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. घरात लहान मूल असताना ती पुडी फळीवर ठेवायलाही मन धजेना. ब्रोमाडिओलोनच्या तयार वड्या खाल्लेला उंदीर मरायला काही दिवस घेतो. तेवढ्यात तो मांजराच्या नाहीतर गव्हाणी घुबडाच्या तोंडी लागला तर ते विष त्यांच्याही पोटात जातं. आमच्या माडावर घुबडाची जोडी बसते, त्यामुळे माझ्यापुरता तो विषय तिथेच संपला. चिकट पुठ्ठ्याला मोठी घूस दाद देत नाही, अडकतात ते सरडे आणि पाखरं.

पिंजरा वाईट नाही, हे आधीच सांगतो. पैसे कमी लागतात, आज आणला की आज लावता येतो. भाजलेलं सुकं खोबरं किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा आकड्याला घट्ट अडकवायचा आणि पिंजरा कुंपणाला चिकटून ठेवायचा, कारण घूस उघड्यावरून न जाता कडेकडेने जाते. पहिल्या आठवड्यात मला तीन मिळाल्या.

पण सापडलेल्या घुशीचं करायचं काय? माझा निर्णय या एका प्रश्नावर झाला. सकाळी सहा वाजता पिंजऱ्यात हातभर जनावर फुरफुरत असतं, तारा चावून तोंड रक्ताळलेलं असतं. पाण्यात बुडवून मारणं मला जमलं नाही. लांब नेऊन सोडावं, तर ते रान कुणाचं ना कुणाचं असतंच. एकदा वहाळापलीकडे सोडताना शेजारच्या वाडीतल्या काकूंनी पाहिलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आमचा भुईमूग आहे रे इथे." मी पिंजरा उचलून परत आलो. त्यात पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती. उंदीर-घुशीच्या मुतातून तो पसरतो आणि पिंजऱ्याचा तळ त्यानेच भिजलेला असतो. दर वेळी हातमोजे, ब्लीचिंगचं पाणी, उन्हात वाळवणं. शिवाय चिचुंद्री अडकते. ती उंदराच्या जातीची नाही, किडे खाते, म्हणजे बागेच्या कामाचीच. दोनदा ती सकाळपर्यंत मेलेली मिळाली, फार वाईट वाटलं. आणि एक घूस नेली की महिन्याभरात त्याच बिळात दुसरी हजर.

जाळीचा त्रास सगळा एकदाच होतो, पण तो खरा असतो. चार फूट बाय दहा फुटांचा वाफा दीड फूट उपसायला मला आणि भावाला पहारीने दोन दिवस लागले. तळाला आणि चारी बाजूंनी अर्ध्या इंचाची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश (जस्ताचा मुलामा दिलेली, तारा जोडून केलेली चौकोनी जाळी) घातली, कडा जमिनीच्या वर वीतभर ठेवल्या. कोंबड्यांची षटकोनी जाळी स्वस्त मिळते, पण ती आणू नका. आमच्याकडे एका पावसाळ्यात ती गंजली आणि घुशीने कोपरा फाडला. वेल्डमेशचे सांधे जिथे येतात तिथे चार बोटं एकावर एक घेऊन तारेने शिवा. घूस तीच फट शोधते.

जाळीने सगळं सुटतं असं मात्र म्हणणार नाही. कुदळ जोरात मारता येत नाही, लांब मुळा तळाला टेकून वाकडा होतो. मांडवावरच्या काकड्या आणि टोमॅटो कुरतडणारा उंदीर वरून येतो, त्याला जमिनीतल्या जाळीचं काय? त्यासाठी माझा जुना पिंजरा पडवीत टांगलेला आहे, वर्षातून एक-दोनदा उतरवतो. भाड्याच्या घरात असाल किंवा बाग कुंड्यांतच असेल तर कदाचित तुम्हालाही पिंजराच बरा. पण कंदमुळं लावणार असाल आणि जागा स्वतःची असेल, तर मी जाळीच सांगेन.

गेल्या कार्तिकात वाफ्याबाहेर दोन ठिकाणी ताजी माती दिसली. हाताने उकरून पाहिलं, तर बीळ जाळीपर्यंत येऊन तिथून वळलं होतं. आतली रताळी घमेलंभर निघाली, एकही पोखरलेलं नव्हतं. खणायचं ठरवलंत तर दिवाळीच्या सुमारास खणा. तेव्हा मातीत ओल असते. वैशाखात जांभा पहारीलाही दाद देत नाही.