थेट व्हिडिओवर येणारा चित्रपट : यश कशाने मोजावे?

चित्रपटगृहात लागलेल्या चित्रपटाचे यशापयश पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यावरून ठरते, आणि ते जाहीर करण्याचे काम इतर लोक मोठ्या उत्साहाने करतात. थेट डीव्हीडी, ब्लू-रे किंवा घरबसल्या विकत वा भाड्याने पाहण्याच्या सेवांवर आलेल्या स्वतंत्र चित्रपटाला असा गल्ला नसतो. त्याचे मोजमाप निर्मात्यालाच ठरवावे लागते, आणि ते करारावर सही करण्याआधी ठरलेले बरे, कारण हक्क वितरकाला द्यावेत की चित्रपट स्वतः विकावा, याचे उत्तर त्या मोजमापावरच अवलंबून असते.

अशा चर्चेत अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझ यांच्या ‘एल मारियाची’चा दाखला हमखास निघतो. सुमारे 7,000 डॉलरमध्ये चित्रित झालेला हा चित्रपट मुळात स्पॅनिश भाषेच्या व्हिडिओ बाजारासाठी होता. पुढे कोलंबिया पिक्चर्स या हॉलीवूडच्या कंपनीने तो घेतला आणि 1993 मध्ये सनडान्स या अमेरिकेतील स्वतंत्र चित्रपटांच्या महोत्सवात त्याला प्रेक्षकांची पसंती मिळाली. मात्र हे व्हिडिओ बाजारातले यश नव्हे, त्या बाजारातून झालेली सुटका आहे, म्हणून निर्णय घेताना हा दाखला बाजूला ठेवावा. त्यापेक्षा जपान आणि नायजेरिया यांची उदाहरणे उपयोगी पडतात. तोएई या जपानी चित्रपट कंपनीने 1989 मध्ये ‘व्ही-सिनेमा’ या नावाखाली थेट व्हिडिओसाठी चित्रपट काढण्यास सुरुवात केली, आणि ताकाशी मीके यांच्यासारखे दिग्दर्शक याच व्हिडिओच्या बाजारात घडले. तेथे एखाद्या चित्रपटाच्या नफ्याइतकेच मोल दिग्दर्शकाला मिळणाऱ्या पुढच्या कामाला होते. उलट नायजेरियात 1992 च्या ‘लिव्हिंग इन बाँडेज’ या चित्रपटानंतर जो उद्योग उभा राहिला, त्यात विकल्या गेलेल्या कॅसेटी हेच माप होते.

आता पैशाकडे वळू. विकलेल्या प्रतींचा आकडा ऐकायला गोड वाटतो, पण हाती काय आले ते त्यावरून कळत नाही. समजा, वितरकाकडे वर्षभरात विक्रीतून 100 रुपये जमा झाले. करारानुसार त्याचा मोबदला 30 टक्के असेल, तर 70 उरतात. मुखपृष्ठ, तबकड्यांची छपाई, उपशीर्षके, जाहिरात आणि चित्रपट-बाजारांचे दौरे यांचे 45 वजा झाले की 25 राहतात. निर्मात्याला सुरुवातीला 40 आगाऊ दिलेले असतील, तर हे 25 त्यांत वळते होतात आणि हिशेबपत्रकावर चित्रपट अजून 15 ने मागे दिसतो. निर्मात्याच्या हाती मात्र 40 आलेलेच असतात. त्यामुळे आगाऊ रक्कम हेच शेवटचे उत्पन्न समजून चालणे शहाणपणाचे आहे. आगाऊ काहीच मिळाले नसते, तर याच विक्रीवर 25 सुटले असते.

स्वतः विक्री केल्यास चित्र पालटते. व्हिमिओ या व्हिडिओ-संकेतस्थळाने 2013 मध्ये सुरू केलेल्या विक्री-सेवेत 90 टक्के वाटा चित्रपटकर्त्याला देऊ केला होता. तोच वाटा धरला आणि जाहिरातीवर स्वतःचे 14 खर्च झाले, तर 40 हाती येण्यासाठी 60 ची विक्री पुरते. पण वितरकाच्या ओळखीपाळखी नसताना ही 60 ची विक्री करायची कोणी? मागणी नोंदवणे, चरा पडलेली तबकडी बदलून देणे, ‘व्हिडिओ चालत नाही’ अशा तक्रारींना रात्री उत्तरे देणे, या कामांत पुढच्या पटकथेचे महिने जातात आणि त्या महिन्यांची नोंद कोणत्याही हिशेबात होत नाही.

म्हणून चित्रपट कर्ज काढून केला असेल, तर भरीव आगाऊ रक्कम देणारा वितरक निवडावा आणि घेतलेले पैसे ठरलेल्या मुदतीत फिटले, एवढेच यश मानावे. विषयाला आधीच ओळखता येणारा प्रेक्षक असेल, उदाहरणार्थ गिर्यारोहणावरचा माहितीपट, तर स्वतः विकणे सरस ठरते. खरेदीदारांचे पत्ते आपल्याकडे राहतात आणि पुढच्या चित्रपटाच्या वेळी त्यांचा पुन्हा उपयोग होतो. पहिलाच चित्रपट असेल आणि पुढचे काम मिळवणे हा हेतू असेल, तर प्रतींच्या संख्येपेक्षा तो कोणी पाहिला हे अधिक मोलाचे आहे. तेव्हा महोत्सवांना आणि समीक्षकांना चित्रपट दाखवण्याची मुभा करारात राखून ठेवावी.

वितरकाकडे जायचेच ठरले, तर टक्केवारीवर घासाघीस करण्याआधी खर्चाला कमाल मर्यादा, हक्कांची मुदत आणि हिशेब तपासण्याचा अधिकार ही कलमे वाचावीत. तसेच आपल्या चित्रपटाची कमाई दुसऱ्या चित्रपटाच्या तोट्यात वळती होणार नाही, हे लेखी घ्यावे. आगाऊ रक्कम नाही, मुदत पंधरा वर्षांची आणि खर्चाला मर्यादा नाही, असा मसुदा समोर आला, तर महिन्याला मोजक्याच प्रती गेल्या तरी स्वतः विकणे मला अधिक पसंत आहे.